दोन नळ्यांमधलं अंतर

(शिरोडा येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं, थोडं सावरून घेतलेलं लेखी रूप)



विषय जाहीर झाला त्याच संध्याकाळी माझ्या चुलतभावाचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. थेट विचारलं, "रे, तू घोड्यार बोलतलंस? हयसर घोडो खंय आसा?"

त्याचं खोटं नाही. आपल्या मुलखात घोडा कधी रुजलाच नाही. घाट, जांभ्याचे सडे, खाड्या, आणि चार महिने पाऊस. इथे बैल, रेडा, होडी आणि माणसाचे पाय. आपला आरवलीचा देव वेतोबासुद्धा रात्री गावाची राखण करतो तो पायी. म्हणून तर त्याला एवढाल्या चामड्याच्या चपला वाहायच्या आणि त्या झिजल्यात का ते बघायचं. घोडा मागितल्याचं काही ऐकिवात नाही. तेरेखोल ओलांडून गोव्यात गेलं की डिचोली-सत्तरीत शिगम्याला घोडेमोडणी बघायला मिळते, पण ते घोडे कमरेला बांधलेले, वर मान आणि खाली माणसाचे पाय. त्यांना पोटच नसतं, त्यामुळे त्यांना पोटशूळही होत नाही. माझ्यासारख्या घोड्याच्या डॉक्टरचं तिथे काम नाही.

तरीही शिरोड्यात घोडा आहे, असं मी भावाला म्हणालो. आरोग्य केंद्राच्या औषधांच्या कपाटात आहे. छोट्या कुपीत, पांढऱ्या पावडरीच्या रूपात. फुरसं चावलेल्या माणसाला जी लस देतात, ती घोड्याच्या रक्तातून येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत वाढवत घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढतात, त्यातला पातळ भाग ठेवून घेतात आणि लाल पेशी पुष्कळदा परत त्याच्याच अंगात सोडतात. पुण्याजवळ पिंपरीला हाफकिनची अशी घोड्यांची पागा आहे. कोकणातल्या किती माणसांच्या अंगात आजवर घोड्याच्या रक्ताचा अंश गेला असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. त्यातली पाच-सात माणसं तरी आज या मांडवात बसली असतील. तेव्हा घोडा काही अगदीच परका नाही.

बोलायला सुरुवात करण्यापूर्वी एक काम उरकतो. हा साधा प्लॅस्टिकचा हातमोजा आहे, पशुवैद्य खांद्यापर्यंत घालतात तसला. यात मी शेण आणि पाणी कालवून घातलं आहे. खरं तर घोड्याची लीद हवी होती, ती मिळाली नाही. त्यात आपल्या वेळागरच्या किनाऱ्यावरची मूठभर वाळू मिसळली आहे. हा मोजा मी इथे खांबाला, बोटं खाली करून, टांगून ठेवतो. तो तिथे राहू दे. आपण बोलू.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे ते गुरुजी आम्हाला विज्ञान शिकवायचे. सहावीत होतो. एकदा त्यांनी अख्खा वर्ग मिठागरावर नेला. शिरोड्याचं मिठागर म्हटलं की बाहेरच्यांना मे १९३० चा सत्याग्रह आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण त्या दिवशी गुरुजींना सत्याग्रह शिकवायचा नव्हता. त्यांनी आम्हाला पहिल्या खणातलं पाणी बोटाने जिभेला लावायला सांगितलं. खारट. मग शेवटच्या खणातलं. जीभ कडवटली, दोघं थुंकले. गुरुजी म्हणाले, आता सांगा, मीठ वाढलं की पाणी कमी झालं? आम्ही गप्प. पुढे म्हणाले, एकाच खणाची चव घेऊन हे कधी कळणार नाही, दोन्ही खणांची घ्यावी लागते. मी परळच्या पशुवैद्यक कॉलेजात पाच वर्षं काढली, पुढे तीसएक वर्षं घोड्यांच्या पोटात हात घातले. पण पोटशुळाबद्दल जे काही मला कळलं आहे, ते या दोन खणांच्या पलीकडे फारसं गेलेलं नाही. आज तेच सांगायचं आहे.

घोड्याचं पोट हा निसर्गाचा एक विचित्र कारभार आहे. जनावर चारशे-पाचशे किलोचं, पण जठर लहान, जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. आणि घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी इतकी घट्ट गाठ असते की आत दाब वाढला तर एक वेळ जठर फुटेल, पण वर काही येणार नाही. त्यापुढे वीसेक मीटर लहान आतडं, पोटात जवळजवळ मोकळं लोंबकळणारं. त्यापुढे अंधांत्र, तीसएक लिटरचं पिंप. मग मोठं आतडं, सत्तर-ऐंशी लिटर मावेल एवढं, दुमडून दुमडून बसवलेलं, आणि एका ठिकाणी ते एकदम अरुंद होऊन मागे वळतं. गवत बारा-सोळा तास सतत चरणाऱ्या जनावरासाठी हे उत्तम आहे. आपण मात्र त्याला तबेल्यात बांधतो, दिवसातून दोनदा तोबऱ्यात चंदी देतो, पाणी गार झालं की तो पीत नाही, आणि मग कुठेतरी काहीतरी अडतं. वायू भरतो, चारा घट्ट बसतो, किंवा आतडं स्वतःभोवती पीळ घेतं.

याला आपण शूळ म्हणतो. रेसकोर्सवरचे मोतद्दार सरळ 'कॉलिक' म्हणतात. शूळ हा आजार नव्हे. तो एक आवाज आहे आणि त्यामागे पन्नास कारणं असू शकतात. घोडा पायाने जमीन उकरतो, मागे वळून बगलेकडे बघतो, वरचा ओठ उलटा करतो, बसतो, उठतो, लोळतो. दहातले आठ-नऊ घोडे नळीने पोटात तेल-पाणी घालून, एखाद्या इंजेक्शनने, चालवून फिरवून बरे होतात. उरलेल्या एखाद-दुसऱ्याचं आतडं आत पीळ पडून मरत असतं. आणि सुरुवातीच्या दोन-तीन तासांत हे दहाही घोडे बाहेरून सारखेच दिसतात. सगळी गोची इथे आहे.

जुन्या अश्ववैद्यकातल्या शालिहोत्राच्या परंपरेत घोड्याच्या शुळाचा विचार झालेला आहे. ब्रिटिशांच्या लष्करात घोड्याच्या वैद्याला 'सालोत्री' म्हणत, तो शब्द शालिहोत्रावरूनच आला. मुंबईत सर दिनशा पेटीट यांच्या देणगीतून परळला जनावरांचा दवाखाना उभा राहिला आणि १८८६ साली तिथेच पशुवैद्यकाचं कॉलेज सुरू झालं. त्या काळच्या मुंबईत ट्रामही घोड्यांवर चालत होती, त्यामुळे शूळ झालेले घोडे रोजचेच असणार. पण पोटाच्या आत काय चाललं आहे हे बाहेरून कळण्याचे मार्ग तेव्हा चारच होते. नाडी मोजा, हिरड्यांचा रंग बघा, बरगडीमागे कान लावून आतड्याचा आवाज ऐका, आणि मागून हात घालून चाचपा. हे चारही आजसुद्धा पहिले. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला अठ्ठावीस ते चाळीसच्या आसपास असते. ती साठावर गेली की माझ्या कपाळावर आठी पडते, ऐंशीवर गेली की मी मालकाला बाजूला घेतो.

मालकाला वेळेवर बाजूला न घेतल्याचीही एक गोष्ट आहे, ती सांगतो. मी नोकरीला नवा होतो. मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, घोड्यांचा फार मोठा बाजार. लांबून लांबून ट्रकने घोडे येतात. प्रवासात पाणी कमी, वरून थंडी, उतरल्यावर एकदम वेगळा चारा. शूळ होणार नाही तर काय! एक काळीभोर घोडी, कान आत वळलेले, संध्याकाळपासून लोळत होती. मालक म्हातारा, घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा. "साहेब, हिचं लोळणं थांबवा, लोक बघतात." दुसऱ्या दिवशी सौदा होता. मी वेदनाशामक इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात घोडी उभी राहिली. नाडी बहात्तर होती. मी ती मोजली, वहीत लिहिली, आणि स्वतःला सांगितलं की दुखण्यामुळे वाढली असेल. म्हाताऱ्याने चहा पाजला. पहाटे पाचला त्याचा नातू तंबूत आला. घोडी पडली होती, हिरड्या जांभळ्या, अंगावर थंड घाम. सातला गेली. पोट उघडलं तेव्हा लहान आतड्याचा चार-पाच हात भाग काळानिळा. मी रात्री घंटा बंद केली होती, आग तशीच होती. तो म्हातारा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता नळ्यांकडे, म्हणजे माझ्या त्या दोन खणांकडे, येतो.

पहिली नळी रक्ताची. मानेच्या शिरेतून पाच मिलिलिटर रक्त काढायचं आणि फिरवून बघायचं की शंभर भागांत लाल पेशी किती. घोड्यात साधारण बत्तीस ते पंचेचाळीस. पोटशुळात घोडा पाणी पीत नाही, घामाने आणि आतड्यात साचून अंगातलं पाणी जातं, रक्त घट्ट होतं, आकडा वाढतो. हे आपलं मिठागरच. पाणी उडालं, मीठ दाट झालं. पण घोड्यात एक गंमत आहे. त्याच्या प्लीहेत, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो तिच्यात, लाल पेशींचा मोठा साठा असतो. घोडा घाबरला, धावला, कळवळला की प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात लोटते. मग पाणी न जाताही आकडा वाढलेला दिसतो. म्हणून त्याच नळीत दुसरी गोष्ट बघायची, रक्तातलं प्रथिन. ते डेसीलिटरला सहा-सात ग्रॅमच्या आसपास असतं. दोन्ही आकडे वाढले, तर पाणी गेलं आहे. पेशींचा आकडा चढला आणि प्रथिनाचा उतरला, तर सावध व्हा. मीठच खणाच्या तळातून गळतंय. आतड्याचं अस्तर सुजलं, फाटलं, आणि रक्तातलं प्रथिन आत झिरपतं आहे. एकच नळी, पण त्यातही दोन आकड्यांची जोडी लागते.

प्रथिन मोजायला जे यंत्र वापरतात ते तुमच्यापैकी काहींनी हाताळलं असेल. हातात मावणारी नळकांडी, एका टोकाला काच, थेंब टाकायचा आणि दुसऱ्या टोकाने उजेडाकडे बघायचं. द्राक्षवाले आणि रसाचे कारखानदार त्याने गोडी मोजतात. तत्त्व तेच, पट्टी वेगळी. मी एकदा रत्नागिरीत एका मित्राच्या कॅनिंगच्या शेडमधून त्याचं यंत्र चुकून माझ्या बॅगेत टाकून आणलं होतं, आणि दोन दिवस घोड्यांची प्रथिनं मला हापूसच्या गोडीत मिळत होती.

दुसरी नळी पोटातल्या पाण्याची. हे पाणी सगळ्यांच्या पोटात असतं, माझ्या, तुमच्या. आतडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून निसर्गाने घातलेलं वंगण. ते काढायचं कसं, ते जरा जवळून सांगतो, कारण या कामात हाताला जे कळतं ते पुस्तकात येत नाही. घोडा उभाच ठेवायचा. पोटाचा सगळ्यात खालचा भाग बघायचा, छातीच्या हाडाच्या टोकामागे चार-पाच बोटं. मधली रेषा सोडून किंचित उजवीकडे, कारण डावीकडे प्लीहा. केस भादरायचे, तीनदा स्वच्छ पुसायचं. मोतद्दाराने वरचा ओठ धरलेला, आणि तुम्ही घोड्याच्या पुढच्या पायाला खांदा टेकवून वाकलेले. मागच्या पायाच्या रस्त्यात डोकं येऊ द्यायचं नाही, हे आमचे सर पहिल्या दिवशी सांगत आणि शेवटच्या दिवशीही सांगत. दीड इंची सुई, किंवा गाईच्या सडात घालायची बोथट नळी. कातडीतून जाताना घोडा अंग थरथरवतो. मग स्नायू. मग शेवटी एक पातळ पडदा, तो फुटला की बोटांना 'टप्' असं कळतं. आणि मग काहीच होत नाही. सुई जरा फिरवायची. तरी काही नाही. मग एकदम सुईच्या मुठीवर एक थेंब फुगतो.

त्या पहिल्या थेंबाचा रंग बघायला मी अजूनही श्वास रोखतो. निरोगी घोड्याचं पाणी फिकट पिवळं असतं, सुक्या पेंढ्याच्या रंगाचं, आणि इतकं नितळ की नळी वर्तमानपत्रासमोर धरली तर अक्षरं वाचता येतात. अक्षरं पुसट झाली तर आत सूज आहे. पाणी कोकमाच्या आगळाच्या रंगावर गेलं, तर आतड्याला पीळ पडलेला असण्याची शक्यता फार. हिरवट आलं आणि त्यात चाऱ्याचे कण दिसले, तर एक तर सुई आतड्यात गेली, किंवा आतडं फुटलं. पहिलं असेल तर देवाची कृपा. आता लाल रंगसुद्धा फसवतो. कातडीखालची बारीक रक्तवाहिनी लागली असेल तर लाल धागा पाण्यात गोल गोल फिरताना दिसतो. प्लीहेला सुई लागली असेल तर दाट रक्तच येतं. पिळाचं पाणी मात्र वरपासून खालपर्यंत एकसारखं लाल. मग प्रथिन मोजा. साधारण अडीच ग्रॅमच्या आत असायला हवं. पेशी मोजा. घनमिलिमीटरला पाच हजारांच्या आत बहुधा ठीक.

हे सगळं जुनंच ज्ञान. गेल्या काही दशकांत त्यात भर पडली ती लॅक्टेटची. पोहणारी, धावणारी मुलं हा शब्द ओळखतील. स्नायूला प्राणवायू पुरला नाही की तो साखर अर्धवट जाळतो, त्यातून लॅक्टेट उरतं. आतड्याचंही तसंच. पीळ पडला की आधी पातळ भिंतीच्या नीला दबतात, रोहिणी रक्त आत ढकलतच राहते. आतडं सुजतं, जांभळं होतं, शेवटी रक्त फिरेनासं होतं. प्राणवायू नाही म्हणून आतड्याच्या पेशी लॅक्टेट बनवतात आणि ते भिंतीतून सरळ पोटाच्या पाण्यात झिरपतं. रक्तातही जातं, पण तिथे ते चाळीस लिटरमध्ये पातळ होतं आणि यकृत ते काढून टाकत असतं. म्हणून रक्त उशिरा बोलतं आणि पोटातलं पाणी आधी.

रक्तातलं लॅक्टेट आणि घोडा वाचेल की नाही याचा संबंध १९७६ च्या सुमारास मांडला गेला होता. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यांनी पोटाच्या पाण्यातलं लॅक्टेट मोजून प्रसिद्ध केलं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेल्या घोड्यांत ते सरासरी लिटरला आठ मिलिमोलच्या वर होतं, नुसताच अडथळा असलेल्यांत दोनच्या आसपास. निरोगी घोड्यात ते एकच्या आतबाहेर, आणि रक्तातल्यापेक्षा सहसा कमी. हे मोजणारं यंत्र आता खिशात मावतं. मधुमेहाच्या घरगुती यंत्राचा धाकटा भाऊ, मुळात खेळाडूंसाठी बनवलेला.

आता या आकड्यांकडे बघायचं कसं? समजा रक्तात चार आहे आणि पोटात दोन. घोडा सुकलेला आहे, अंगभर रक्त कमी फिरतंय. पाणी द्या, बघा. समजा रक्तात दोन आहे आणि पोटात सहा. आग पोटात आहे. एकट्या पोटातल्या आकड्यावर हे ठरत नाही, त्याच्या शेजारचा आकडा सांगतो. मिठागराचा दुसरा खण. आणि तासा-दीड तासाने दोन्ही नळ्या परत भरायच्या. पोटातलं तीनवरून दोनवर आलं, तर मी घोड्याजवळ खुर्ची टाकून बसतो. तीनवरून पाचवर गेलं, तर मी फोन उचलतो.

माझे काही तरुण मित्र एकच आकडा मोबाईलवर पाठवून विचारतात, "सर, चार पॉइंट दोन आलंय, कापू का?" मी त्यांना उलट विचारतो, कशाचं चार पॉइंट दोन, कधीचं, आणि कुठल्या नळीत घेतलं? नळी हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण रक्ताच्या पेशी नळीतही जिवंत असतात, साखर खातात आणि लॅक्टेट बनवत राहतात. राखाडी बुचाच्या नळीत ते थांबवणारं रसायन असतं. साध्या नळीत घेऊन दोन तास मोटारसायकलच्या डिकीत ठेवलं, तर घोडा बरा असला तरी आकडा मरणाचा येतो. आपल्या आरोग्य केंद्रातल्या फुरशाच्या परीक्षेसारखंच हे आहे. चावलेल्या माणसाचं दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायचं, गोठलं की नाही. नळी काचेचीच हवी, साबणाने धुतलेली नको. साबणाचा अंश राहिला तर निरोगी माणसाचंही रक्त गोठत नाही आणि लस उगाच दिली जाते.

आणखी एक, हे मात्र मी अनुभवाने जरा हट्टाने सांगतो. लॅक्टेटचे पुस्तकातले उंबरठे बहुतेक मोठ्या जातीच्या घोड्यांवर ठरलेले आहेत. महाबळेश्वर, माथेरानचे किंवा समुद्रकिनाऱ्यावर सैर घडवणारे घोडे म्हणजे खरं तर तट्टू. तट्टांत शूळ झाला की लॅक्टेट मोठ्या घोड्यांपेक्षा वरच सापडतं आणि तेवढंच वाईट असतं असं नाही. महालक्ष्मी रेसकोर्सच्या घोड्याची पट्टी माथेरानच्या तट्टाला लावली तर वाचणारं जनावर आपण सोडून देऊ. आमच्या क्षेत्रात बाहेरचा आकडा जसाच्या तसा आणून चिकटवण्याची खोड फार आहे.

सीरम अमायलॉइड ए नावाचं एक प्रथिन सध्या फार चर्चेत आहे, त्याबद्दल थोडक्यात. कोविडच्या दिवसांत सीआरपी हे नाव तुमच्या घराघरात पोचलं. घोड्यातला त्याचा जोडीदार हा. सूज आली की यकृत हे बनवतं, सहा ते बारा तासांत ते वर जातं, शेकडो पटींनी जाऊ शकतं. त्याचा उपयोग थोडा उलटा. शूळ सुरू होऊन दोनच तास झालेत आणि हे आधीच आभाळाला टेकलंय, तर प्रकरण आजचं नाही, आतड्याचा किंवा पोटाच्या पडद्याचा दाह दोन दिवसांपासून शिजतोय. ताज्या पिळात ते सुरुवातीला शांतच असतं. ज्यांना ते पिळाची परीक्षा वाटतं त्यांनी पैसे वाचवावेत.

पैशांचा विषय निघालाच आहे. हे सगळं कळून उपयोग काय, असा प्रश्न मला यात्रेतल्या म्हाताऱ्यासारख्या मालकांनी विचारला आहे, आणि तो रास्त आहे. घोड्याचं पोट उघडायची सोय मुंबई-पुण्यात, रेसकोर्सच्या आसपास. शर्यतीच्या घोड्याला ती परवडते. नंदुरबारच्या किंवा रायगडच्या घोड्याला ट्रकमध्ये चढवून तिथवर नेईपर्यंत आतडं मेलेलं असतं. खरं सांगायचं तर या दोन नळ्यांचा माझ्या हयातीत सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दोन कामांसाठी. एक, ज्याला धोका नाही त्याच्या मालकाला घरी झोपायला पाठवणं. दुसरं, जो वाचणार नाही त्याला पहाटेपर्यंत तडफडू न देणं. ऑपरेशनसाठी वेळेवर पाठवलेले घोडे मी बोटांवर मोजतो.

आणि शेवटी किनाऱ्यावरचं तट्टू. रायगडातला एक किनारा, नाव घेत नाही. घोडागाडी ओढणारं पांढरं तट्टू, चार दिवसांपासून थोडं थोडं दुखतंय, मग जातंय. मालक तरुण, त्याने आधीच नेटवर वाचलेलं. म्हणाला, डॉक्टर, पोटातलं पाणी काढा ना. मी खाली बसून पोटाला कान लावला. छातीच्या मागे, अगदी तळाशी, लाट वाळूवरून मागे सरकताना येतो तसा आवाज. तट्टाचा चारा कुठे टाकतोस, म्हणून विचारलं. त्याने बोट दाखवलं. सरळ वाळूवर. गवताबरोबर रोज मूठ-मूठ वाळू पोटात जात होती आणि मोठ्या आतड्याच्या तळाशी बसत होती. असं आतडं जड होऊन पोटाच्या तळाला टेकतं, आणि नेमकी सुई घालायची जागा तीच. तिथे टोचलं तर ताणलेलं आतडं फाटायची भीती. म्हणून त्या दिवशी मी सुई बॅगेतून काढलीच नाही. रक्ताची एकच नळी घेतली. ती शांत होती. मग ताजी लीद हातमोज्यात घालून पाण्यात कालवली आणि घोडागाडीच्या दांडीला टांगली. मालक आणि मी चहा प्यायलो. तट्टाला नळीने इसबगोल आणि मॅग्नेशियम सल्फेट पाण्यातून चार दिवस दिलं, चारा रबरी चटईवर टाकायला लावला. ते तट्टू वाचलं, पुढे दोन मोसम गाडी ओढत होतं.

अध्यक्ष महाराज खूण करताहेत, वेळ संपली. खांबावरचा मोजा बघा. वरचं पाणी जरा निवळलंय, आणि करंगळीच्या टोकात बोटाच्या पेराएवढी वाळू बसलीय, आमच्या वेळागरची. पुढच्या बाकावरच्या मुलांनी जाऊन हाताने चेपून बघायला हरकत नाही. फक्त काढताना वरची गाठ धरा, मी ती घाईत बांधली आहे.